जिप्सीचा नवा कॅमशाफ्ट आणि कॉम्प्रेशनचा हिशेब : कामाच्या नोंदी

2 नोव्हेंबर 2025, कोल्हापूर

गाडी 1998 ची जिप्सी किंग आहे. आठ व्हॉल्व्ह आणि कार्ब्युरेटर असलेले जी13बीए इंजिन. बोअर 74 मिमी, स्ट्रोक 75.5 मिमी, म्हणजे एका सिलिंडरचे आकारमान 324.7 सीसी. ऑक्टोबरमध्ये रिंगा आणि व्हॉल्व्ह सील बदलले तेव्हा हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, उघडेच होते, म्हणून जळणकक्षाची सगळी मापे घेऊन वहीत लिहून ठेवली होती. हेडमधली पोकळी 30.4 सीसी, पिस्टनच्या डोक्यावरची वाटी 4.3 सीसी, पिस्टन वरच्या टोकाला असताना ब्लॉकच्या पातळीपेक्षा 0.35 मिमी खाली राहतो त्याचे 1.5 सीसी आणि दाबलेल्या गॅस्केटच्या जाडीचे 5.4 सीसी. बेरीज 41.6 सीसी. यावरून कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन खाली असतानाच्या आणि वर असतानाच्या जागेचे गुणोत्तर, 8.8 निघतो.

हेड बसवून झाल्यावर आठवडाभराने ग्राइंडरकडून, म्हणजे कॅम घासून देणाऱ्या कारागिराकडून, नवा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा दांडा) आला. आधी कॅमचा कागद हातात असता तर हेड दुसऱ्यांदा उघडायची वेळ आली नसती, हे पुढच्या नोंदींत कळेलच. हा कॅम दुसऱ्या एका जुन्या शाफ्टवर नव्याने घासून केलेला आहे. त्याच्या कागदावर इनटेक (हवा आत घेणारा) आणि एक्झॉस्ट (धूर सोडणारा) दोन्ही व्हॉल्व्ह उघडे राहण्याचा अवधी क्रँकच्या फिरण्यात 228 अंश लिहिला आहे, दोन लोबांच्या (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या उंचवट्यांच्या) केंद्रांमधला कोन 110 अंश आहे आणि इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या खालच्या टोकानंतर 44 अंशांवर बंद होतो असे दिले आहे. कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘1 मिमी लिफ्टला’ असेही आहे. त्या ओळीकडे मी आज नीट पाहिले नाही.

गाडी रोज कामावर जाते, महिन्यातून एकदा चिखलातल्या ऑटोक्रॉसला उतरते आणि वर्षातून दोन-तीनदा कोकणात जाते. त्यामुळे मिनिटाला 3500 ते 6000 फेऱ्यांमध्ये जोर वाढावा, पण खालचा दम जाऊ नये, एवढीच अपेक्षा आहे. पेट्रोल पंपावर मिळते तेच, 20 टक्के इथेनॉलचे.

9 नोव्हेंबर

कॅम बदलण्याआधीची स्थिती नोंदवून ठेवली. इंजिन गरम करून, चारही प्लग काढून, कॉइलची वायर सोडवून आणि थ्रॉटल पूर्ण उघडा धरून प्रत्येक सिलिंडरला सहा दाबांपर्यंत सेल्फ मारला. रीडिंग 168, 170, 168 आणि 169 पीएसआय. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने इथली हवा किनाऱ्यापेक्षा सहा-सात टक्के विरळ असते. हेच इंजिन रत्नागिरीत मोजले असते तर आकडा थोडा वर गेला असता. आयडलला मॅनिफोल्डमधला (हवा आत नेणाऱ्या नळीतला) व्हॅक्यूम 17 इंच पारा.

क्रँकच्या पुलीवर डिग्री प्लेट लावून, व्हॉल्व्हच्या टोपीवर डायल गेज टेकवून मूळ कॅमच्या वेळाही घेतल्या. इनटेक व्हॉल्व्ह खऱ्या अर्थाने सीटवर बसतो तो खालच्या टोकानंतर 46 अंशांवर.

16 नोव्हेंबर

नवा कॅम बसवला. घासल्यामुळे लोबचा मूळ वर्तुळभाग बारीक झाला आहे, त्यामुळे टॅपेटचे स्क्रू आधीपेक्षा बरेच बाहेर आले. लोबवर निळा रंग लावून हाताने दोन फेरे फिरवले आणि रॉकरच्या पॅडवर घासणीचा पट्टा मध्येच पडतो, कडेला जात नाही, याची खात्री करून घेतली. मग मॉलिब्डेनमची पेस्ट लावून पहिली वीस मिनिटे इंजिन 2000 फेऱ्यांच्या खाली येऊ दिले नाही, कारण घासून चालणारे रॉकर आणि नवा लोब एकमेकांना बसायला तेवढा वेळ लागतो आणि आयडलला लोबवर तेल कमी उडते.

चालवल्यावरचे मत सरळ लिहितो. 4000 च्या पुढे इंजिन मोकळे सुटते, पण 2500 च्या आत पूर्वीचा ओढा राहिलेला नाही. पन्हाळ्याच्या चढाला जिथे तिसरा गिअर आरामात चालत असे, तिथे दुसरा घ्यावा लागला. आयडल 1050 वर ठेवला तरच इंजिन टिकते, आणि व्हॅक्यूम 13 इंचांवर उतरला आहे. इनटेक उघडतो आणि एक्झॉस्ट अजून बंद व्हायचा असतो त्या काळात (याला ओव्हरलॅप म्हणतात) जळालेला धूर उलटा मॅनिफोल्डकडे जातो, म्हणून व्हॅक्यूम उतरणे समजण्यासारखे आहे. ओढा का गेला, हे मात्र मोजूनच पाहायला हवे.

19 नोव्हेंबर

कॉम्प्रेशन पुन्हा घेतले: 146, 145, 147, 146. चारही सिलिंडर सारखे उतरले, म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह गळत नाही. हा परिणाम कॅमचाच.

रात्री बसून हिशेब मांडला. पिस्टन खालच्या टोकाहून वर निघाल्यावरही इनटेक व्हॉल्व्ह काही काळ उघडाच असतो, आणि तो बंद होईपर्यंत सिलिंडरात दाब तयार होत नाही. म्हणून 8.8 हा आकडा संपूर्ण स्ट्रोक धरून आलेला कागदी रेशो झाला; इंजिनाला जाणवणारा रेशो व्हॉल्व्ह बंद झाल्यानंतर उरलेल्या स्ट्रोकवर ठरतो. पुढे मी पहिल्याला स्थिर आणि दुसऱ्याला परिणामी रेशो म्हणणार आहे. क्रँकची त्रिज्या 37.75 मिमी आणि कनेक्टिंग रॉड केंद्रापासून केंद्रापर्यंत 120 मिमी धरला, तर मूळ कॅमच्या 46 अंशांना पिस्टनला वर जायला 67.1 मिमी उरतात. त्याचे 288.5 सीसी, आणि परिणामी रेशो 7.9.

नव्या कॅमला कागदावरचे 44 अंश टाकले तर उत्तर 8.0 आले. म्हणजे हिशेबाप्रमाणे दाब किंचित वाढायला हवा होता आणि गेज सांगतो की बावीस-तेवीस पीएसआय गेले. तासभर मी गेजवरच संशय घेतला, नळीचे वॉशर बदलले आणि रीडिंग तेच आल्यावर वही मिटून झोपलो.

23 नोव्हेंबर

चूक हिशेबात होती आणि ती कोपऱ्यातल्या बारीक ओळीत लपली होती. 44 अंशांवर व्हॉल्व्ह बंद होत नाही. तो सीटपासून अजून 1 मिमी वर असतो. ग्राइंडर लोक हे माप देतात त्यात काही लबाडी नाही, कारण लोबच्या सुरुवातीचा आणि शेवटचा उतार फार मंद असतो, तिथे नेमका कोन पकडणे अवघड जाते आणि दोन कॅमची तुलना करायला 1 मिमीचे माप अधिक भरवशाचे असते. पण शेवटचा मिलिमीटर मिटेपर्यंत वर जाणारा पिस्टन हवा परत मॅनिफोल्डकडे ढकलतच असतो. दाबाच्या हिशेबाला व्हॉल्व्ह सीटला टेकण्याचा क्षणच लागतो.

मूळ कॅमला लावली होती तशीच डायल गेज लावून, टॅपेटचा गॅप ठरलेला ठेवून पुन्हा मोजले. व्हॉल्व्ह सीटवर बसतो तो 64 अंशांवर, आणि खरा अवधी 268 अंश आहे. उरलेला स्ट्रोक 59.2 मिमी, त्याचे 254.6 सीसी, आणि परिणामी रेशो 7.1. गेजवरच्या 146 चा अर्थ आता लागला.

सुरुवातीलाच हे नीट समजले असते तर ऑक्टोबरमध्ये हेड उघडे असतानाच काम झाले असते. ‘परफॉर्मन्स कॅम टाकला आणि गाडी मेली’ ही तक्रार मी इतरांकडून अनेकदा ऐकली आहे, आणि दर वेळी दोष कॅमला दिला जातो. कॅम त्याचे काम करत असतो. जास्त फेऱ्यांना हवेच्या स्तंभाला वेग आलेला असतो, त्यामुळे पिस्टन वर निघाला तरी हवा आत येतच राहते आणि उशिरा बंद होणारा व्हॉल्व्ह फायद्याचा ठरतो. कमी फेऱ्यांना तो वेग नसल्याने आत आलेलीच हवा परत जाते. हा तोटा भरून काढायचा तर जळणकक्ष लहान करावा लागतो. टोयोटाच्या प्रियसमधल्या 1.5 लिटर इंजिनाचा स्थिर रेशो 13 च्या घरात असूनही ते साध्या पेट्रोलवर ठोका (मिश्रण अवेळी आपोआप पेटल्याचा आवाज) न देता चालते, ते याच तत्त्वावर: तिथे व्हॉल्व्ह मुद्दाम फार उशिरा बंद केलेला असतो. त्यांचा हेतू मायलेजचा आणि माझा जोराचा, पण हिशेब एकच.

यावरून उलटा मुद्दाही निघतो. कोणी ‘रेसिंगला रेशो अकराच हवा’ असे सांगतो तेव्हा त्याचा कॅम कोणता हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नसतो. मूळ कॅमवर मी 11 केला तर परिणामी रेशो 9.9 होईल, आणि ठोक्याची धास्ती घेऊनच गाडी चालवावी लागेल.

6 डिसेंबर

ध्येय ठरवले: परिणामी रेशो पुन्हा 7.9 वर आणायचा. त्याहून पुढे जायचे नाही, कारण गाडीत नॉक सेन्सर (ठोका ओळखणारे यंत्र) नाही, इग्निशन डिस्ट्रिब्युटरच्या वजनांवर चालते आणि ठोका आला तर टायमिंग मागे घेणारे माझ्या कानाखेरीज दुसरे काहीच नाही.

फक्त जळणकक्ष लहान करून 7.9 गाठायचा तर 41.6 सीसीचे 36.9 करावे लागतील, म्हणजे स्थिर रेशो 9.8. हेड उतरवून पालथे ठेवले, कडेला ग्रीस लावून ॲक्रिलिकचा तुकडा चिकटवला आणि ब्युरेटने रॉकेल सोडले. चारही पोकळ्या 30.2 ते 30.6 मध्ये आल्या. एका पोकळीत पहिल्यांदा 29.7 आले होते, पण ॲक्रिलिकखाली कोपऱ्यात हवेचा बुडबुडा दिसला. तो काढल्यावर आकडा बरोबर आला. हा बुडबुडा नजरेतून सुटला तर पाऊण सीसीची चूक होते आणि पुढचे सगळे गणित बिघडते.

मग पातळी तोंडापासून बरोबर 1 मिमी खाली असेपर्यंत रॉकेल काढून मोजले: 3.1 सीसी. म्हणजे हेडचे तोंड मशीनवर 1 मिमी घासले तर 3.1 सीसी कमी होतील. बोअरच्या क्षेत्रफळावरून काढले असते तर 4.3 आले असते आणि ते चुकले असते, कारण पोकळीचे तोंड बोअरपेक्षा लहान आहे.

13 डिसेंबर

ब्लॉक आणि हेड दोन्ही उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, नेले. ब्लॉकवरून 0.30 मिमी आणि हेडवरून 0.90 मिमी काढायचे ठरवले. ब्लॉक आधी घ्यायचे कारण असे की पिस्टन वरच्या पातळीजवळ आला की त्याची कड आणि हेडचा सपाट भाग यांच्यातली फट कमी होते, तिथले मिश्रण जोराने मध्यभागी ढकलले जाते, जळण लवकर पुरे होते आणि ठोक्याला वेळ मिळत नाही. फट 1.55 मिमी होती, ती 1.25 होईल. याहून लहान चालली असती, पण गॅस्केट तेच ठेवायचे आहे.

हा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आणि आतल्या लायनर बिडाच्या, त्यामुळे पाते एकदम जास्त खाली घेतले तर मऊ धातू ओढला जातो आणि लायनरच्या कडेला पायरी पडते. मिस्त्रींनी 0.05 चे सहा पास घेतले. हेडचे 0.9 सांगितल्यावर ते थांबले.

“साहेब, काढल्यालं परत लावता येत न्हाई बघा. आधी सहा काढू, मोजा, मग सांगा.”

मी वही उघडून आकडे दाखवले. त्यांनी ते शांतपणे पाहिले आणि तरीही आधी 0.6 च काढले. पोकळी तिथेच मोजली: 28.5. माझ्या हिशेबाप्रमाणे 28.54 यायला हवी होती. तेव्हा कुठे त्यांनी उरलेले 0.3 घेतले.

20 डिसेंबर

घरी पुन्हा मोजमाप. पोकळी 27.6, गॅस्केट 5.4, पिस्टन आता पातळीपेक्षा फक्त 0.05 मिमी खाली, त्याचे 0.2, वाटी 4.3. एकूण 37.5 सीसी, स्थिर रेशो 9.66. 64 अंशांना परिणामी रेशो 7.8 येतो. उरलेला दशांश हेड आणखी न घासता कॅम दोन अंश पुढे घेऊन मिळवायचा आहे: 62 अंशांना उरलेला स्ट्रोक 60.2 मिमी होतो आणि उत्तर 7.9. धातू काढण्यापेक्षा पुली फिरवणे परतवता येते, म्हणून ही वाटणी.

27 डिसेंबर

आज जे घडले ते अपेक्षित होते, तरी मोजेपर्यंत खरे वाटत नव्हते. बेल्टच्या खुणा जुळवून डिग्री प्लेट लावली तर कॅम जवळपास सव्वादोन अंश मागे निघाला. हेड आणि ब्लॉक मिळून 1.2 मिमी गेल्याने क्रँक आणि कॅम यांच्यातले अंतर तेवढे कमी झाले. बेल्टची ओढणारी बाजू तेवढी सैल पडते आणि कॅमची पुली मागे राहते. व्हॉल्व्ह 66 च्या पुढे बंद होत होता आणि परिणामी रेशो 7.7 च्या आत राहिला असता. हेड आणि ब्लॉक घासून मिळवलेल्या रेशोचा जवळपास पाचवा वाटा नुसत्या खुणा जुळवण्याने परत गेला असता. ओव्हरहेड कॅमच्या गाडीला हेड प्लेन करून खुणांवर बेल्ट चढवणारे जे कोणी असतील, त्यांनी ही एक गोष्ट जरूर तपासावी.

पुलीच्या पिनचे भोक लांबट करून घेतले, मागे जाड वॉशर दिला आणि कॅम सव्वाचार अंश पुढे आणला, म्हणजे मागे पडलेले भरून वर दोन अंश. बोल्टला लॉकिंग द्रव. मुलीच्या खेळण्यातल्या मातीच्या पट्ट्या पिस्टनवर ठेवून हेड बसवले, हाताने दोन फेरे फिरवून पुन्हा काढले आणि माती ब्लेडने कापून जाडी मोजली. इनटेककडे 1.7 मिमी, एक्झॉस्टकडे 2.4. कॅम पुढे घेतल्याने इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या आणखी जवळ येतो, म्हणून हे माप शेवटच्या जागीच घ्यायचे होते. 1.5 च्या खाली आले असते तर पिस्टनला खाचा घ्याव्या लागल्या असत्या.

माती परत करताना तिच्यात राखाडी डाग दिसले. नवा डबा आणून द्यावा लागला.

4 जानेवारी 2026

इंजिन सुरू झाले. कॉम्प्रेशन 168, 167, 169, 168, म्हणजे मूळ आकड्यांवर परत. व्हॅक्यूम 14 इंच; ओव्हरलॅप तोच असल्याने तो पूर्वीइतका येणार नव्हता. पन्हाळ्याचा तोच चढ तिसऱ्या गिअरमध्ये सुटला. 4000 च्या पुढचा जोर नोव्हेंबरपेक्षाही जास्त वाटतो, आणि ते योग्यच आहे, कारण वाढलेला रेशो सगळ्याच फेऱ्यांना कामी येतो. डायनोवर नेलेली नाही, त्यामुळे अश्वशक्तीचा आकडा लिहीत नाही.

ठिणगीचे सुरुवातीचे टायमिंग वरच्या टोकाआधी 10 अंश, फेऱ्या वाढल्यावर एकूण 32. ठोका ऐकू आला नाही. पण आज सकाळी चांगलीच थंडी होती.

8 फेब्रुवारी

आंबा घाटातून रत्नागिरीला. घाट उतरून साखरप्याला येईपर्यंत काहीच जाणवले नाही. दुपारी नाणीजच्या पुढे चढाला चौथ्या गिअरमध्ये 2200 फेऱ्यांवर थ्रॉटल पूर्ण दाबला आणि बोनेटखालून डब्यात वाटाणे हलवल्यासारखा आवाज आला. पाय उचलला की बंद, दाबला की पुन्हा.

इंजिन तेच, पेट्रोल तेच. बदलले ते दोनच. खाली आल्याने हवेचा दाब वाढला, त्यामुळे सिलिंडर अधिक भरत होता आणि त्याच रेशोला दाब जास्त तयार होत होता. आणि आत येणारी हवा जानेवारीतल्या सकाळपेक्षा खूपच गरम होती. कोल्हापुरात जमवलेला हिशेब कोकणात अगदी काठावर बसला. परत येताना खालच्या फेऱ्यांना जोर न लावता, एक गिअर खाली ठेवून घाट चढलो.

15 फेब्रुवारी

प्लग काढून पाहिले. पांढऱ्या चिनी मातीवर काळे ठिपके आहेत का ते भिंगाने शोधले, नाहीत. म्हणजे पिस्टनला इजा झालेली नाही. रंग मात्र फिका, मिश्रण पातळ असल्याचे लक्षण. शुद्ध पेट्रोलला एक भाग इंधनामागे 14.7 भाग हवा लागते आणि 20 टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला सुमारे 13.5, त्यामुळे 1998 च्या जेटांवर (कार्ब्युरेटरमधल्या इंधनाच्या बारीक भोकांवर) ही गाडी आधीच पातळ चालत होती. इथेनॉल स्वतः ठोका रोखते, पण त्याचा लाभ पुरेसे इंधन आत गेल्यावरच मिळतो. मेन जेट दोन नंबरांनी मोठा टाकला.

डिस्ट्रिब्युटर दोन अंश मागे घेतला आणि त्यातली नरम स्प्रिंग बदलून जरा कडक लावली, म्हणजे वजने उशिरा उघडतील आणि 2000 ते 2800 मध्ये, जिथे ठोका आला होता तिथेच, ॲडव्हान्स (ठिणगी आधी पडण्याचे प्रमाण) कमी राहील. वरच्या फेऱ्यांना एकूण 30 मिळत राहतील. चौथ्या गिअरमध्ये त्याच फेऱ्यांवर पाच वेळा पूर्ण थ्रॉटल देऊन पाहिले. आवाज नाही, ओढ्यात फरक जाणवण्याइतका नाही. पण हे कोल्हापुरात. खरी तपासणी एप्रिलमध्ये पुन्हा नाणीजच्या चढालाच होईल, आणि तिथे आवाज आलाच तर कॅम एक अंश मागे घ्यायला पुलीच्या लांबट भोकात जागा ठेवली आहे.